दिसलं की!

दुर्बीण घेतलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा : "केवढी मोठी आहे?" दुसरा प्रश्न : "किती पट दिसतं?" डोळा नेमका कुठे लावायचा आणि तिथे काय बसवले आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. वास्तविक सगळे शेवटी त्या अंगठ्याएवढ्या नळकांड्यापाशी येऊन अडते. आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात त्याला नेत्रिका म्हटले आहे. परीक्षेत तिची आकृती काढून मी पाच गुण मिळवले होते. तेवढ्यावर आपल्याला नेत्रिका कळली, अशी माझी समजूत होती. २०२३ च्या दिवाळीत सुरतेस मामाकडे गेले आणि ती समजूत उतरली.

मामा मूळचा आमच्या बेळगावच्या वडगावचा. घरी माग होते. ते बंद पडल्यावर तो सुरतेस गेला आणि उधन्याच्या बाजूला एका कारखान्यात मागांचा फिटर झाला. गुजराती उत्तम बोलतो, हिंदी मोडकी बोलतो, आणि मराठी मात्र अजून वडगावचीच : "होय की", "बघ की", "दिसलं की". त्या वर्षी त्याने रद्दीवाल्याकडून अडीच हजार रुपयांना एक जुनी दुर्बीण घेतली होती. "तू शास्त्र शिकतीस म्हणून घेतली," असे तो फोनवर म्हणाला. खरे तर शनीचे कडे एकदा पाहावे, ही त्याचीच फार दिवसांची हौस होती. भाऊबीजेसाठी आई आणि मी सुरतेस गेलो.

दुर्बीण आरशाची होती. आरशाचा व्यास ११४ मिलिमीटर, नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. पेटीवर मोठ्या अक्षरांत "६७५ पट" असे छापलेले. पेटीत तीन नेत्रिका होत्या, २०, १२.५ आणि ४ मिलिमीटरच्या, शिवाय तिप्पट करणारे एक प्लॅस्टिकचे बार्लो भिंग. पहिल्याच रात्री आम्ही उत्साहाने ४ ची नेत्रिका आणि बार्लो दोन्ही चढवले. शनी दक्षिणेस चांगला वर आला होता. डोळा लावला तर काळोख. बऱ्याच खटपटीनंतर त्या काळोखातून एक मळकट, थरथरणारा डाग सरकत गेला. मामीने पाहिला आणि ती म्हणाली, "पिठाचा गोळा दिसतोय." मामाने पाहिला आणि म्हणाला, "दिसलं की!"

मला वाटले, माझे मन राखायला म्हणतो आहे.

सुरतेत दुर्बिणीने ग्रह पाहणे काही आजचे नाही. जेरेमी शेकरली नावाचा एक इंग्रज तरुण १६५१ मध्ये या बंदरात होता. त्या साली ३ नोव्हेंबरला बुध सूर्यबिंबावरून जाणार आणि ते इंग्लंडातून दिसणार नाही, आशियातून दिसेल, हे त्याने गणिताने काढले होते. १६३१ मध्ये गॅसेंडीने पॅरिसहून बुधाचे असेच अधिक्रमण पाहिले होते. त्यानंतर ते पाहिले गेले ते सुरतेत, शेकरलीच्या दुर्बिणीतून. भारतात दुर्बीण आकाशाकडे वळवल्याची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद समजली जाते. त्या वेळी बुधाचे बिंब होते अवघे १० विकलांचे. पौर्णिमेचा चंद्र सुमारे १८०० विकलांचा असतो, यावरून त्या ठिपक्याची कल्पना यावी. तीनशे बहात्तर वर्षांपूर्वीच्या काचांतून एवढा ठिपका दिसला, आणि आम्हांला त्याहून मोठा शनी पिठाचा गोळा दिसावा, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसले. विवर्धन काढायचे सूत्र सोपे आहे : आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागायचे. ९०० भागिले ४ म्हणजे २२५ पट. त्याला तिपटीने गुणले की पेटीवरचे ६७५. गणित बरोबर, पण फसवे. कारण नेत्रिकेतून डोळ्यात जी प्रकाशाची शलाका शिरते, तिची जाडी म्हणजे आरशाचा व्यास भागिले विवर्धन. ६७५ पटीला ती ०.१७ मिलिमीटर उरते. एवढ्या बारीक शलाकेत प्रकाशही नसतो आणि तपशीलही नसतो. सर्वसाधारण नियम असा, की आरशाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट. आमच्या दुर्बिणीला म्हणजे २२८. तीही हवा अगदी निश्चल असेल तर. एरवी ९० ते १५० पटींतच ग्रह सर्वांत स्वच्छ दिसतात. आणि तेवढे पुरतेही. त्या दिवसांत गुरूचे बिंब सुमारे ४८ विकलांचे होते. ते अवघ्या ३६ पट केले की नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो जवळजवळ तेवढे होते. शनी १७ विकलांचा. त्याला तेवढे व्हायला शंभरेक पट लागतात. ६७५ कशाला हवेत?

शेजारी हिऱ्यांच्या कारखान्यात काम करणारे एक काका राहतात. दिवाळीत सुरतेतले हिऱ्यांचे कारखाने बंद असतात, त्यामुळे ते रोज गच्चीवर येत. खिशात त्यांचा आयग्लास, म्हणजे हिरा पारखायचे दहा पटींचे भिंग, सुट्टीतही असायचाच. मी तो हातात घेऊन हिशोब केला : स्वच्छ दिसण्याचे अंतर २५० मिलिमीटर धरले, तर दहा पटींच्या भिंगाचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर. म्हणजे काका ज्यातून हिरा पाहतात आणि दुर्बिणीची २५ ची नेत्रिका, या एकाच कामाच्या वस्तू. आरसा ग्रहाची एक इवलीशी प्रतिमा नळीत तयार करतो. नेत्रिका फक्त ती प्रतिमा हिऱ्यासारखी निरखते. हे सांगितल्यावर काका खूश झाले. "एटले हिरो उपर छे, आयग्लास नीचे," असे म्हणून त्यांनी विषय माझ्यापेक्षा स्वच्छ मांडला.

बेळगावहून येताना मी दोन वस्तू बरोबर आणल्या होत्या. शिष्यवृत्तीच्या पैशांतून साडेतीन हजार त्यांत गेले होते. एक २० मिलिमीटरची प्लॉसल जातीची नेत्रिका आणि एक दुप्पट करणारे काचेचे बार्लो. प्लॉसल हा व्हिएन्नाचा चष्मे-दुर्बिणी करणारा कारागीर. त्याने १८६० मध्ये जोडभिंगांच्या दोन जोड्या समोरासमोर ठेवून ही रचना केली. आज स्वस्तात मिळणाऱ्या चांगल्या नेत्रिकांत हीच जास्त आढळते. १० मिलिमीटरची सरळ का घेतली नाही, असे कुणी विचारील. मामाला चष्मा आहे. साध्या प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून किती दूर ठेवता येतो, ते साधारण तिच्या नाभीय अंतराच्या पाऊण पटीहून थोडे कमीच असते. १० च्या नेत्रिकेला सातएक मिलिमीटर. तिथे पापण्या काचेला लागतात, चष्म्याची तर गोष्टच नको. २० ची नेत्रिका बार्लोवर बसवली की ती १० चे काम करते, ९० पट देते, आणि डोळ्याला ऐसपैस जागा राहते. बार्लो काढले की ४५ पट. दोन वस्तूंत दोन विवर्धने, आणि चष्म्याची अडचण नाही.

एवढा विचार करून आणलेल्या वस्तू दुर्बिणीत बसेनात! जुन्या नेत्रिका २४.५ मिलिमीटर जाडीच्या, नव्या ३१.७ च्या. घेण्यापूर्वी मोजून घ्यावे, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. मामाने दोन्ही नळ्या कॅलिपरने मोजल्या, टोकाचा जुना धारक फिरवून काढला, आणि ओळखीच्या लेथवर ॲल्युमिनियमचा नवा धारक कातून आणला. तो मुद्दाम बुटका केला होता, कारण नेत्रिका फार बाहेर गेली तर आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा नेत्रिकेच्या हाती लागतच नाही. हे मी त्याला एकदाच सांगितले होते. धारक इतका बेमालूम बसला की मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते. एक गोष्ट मात्र आता आठवते. कॅलिपरचा आकडा त्याने मला वाचायला लावला होता. "तुझे डोळे तरणे," म्हणाला.

त्या रात्रीही शनी स्वच्छ दिसला नाही. तेव्हा मी दोष शोधण्याची यादी केली. ती येथे देते, कारण ज्याला स्वस्तात ग्रह पाहायचे आहेत त्याला ती उपयोगी पडेल.

पहिला संशय हवेवर. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. शेजारच्या पत्र्यांच्या छपरांवरून पाहिले की ग्रह पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. आम्ही गच्चीवर पाणी मारले आणि दुर्बीण पत्र्यांपासून दूर, कोपऱ्यात नेली. दुसरा संशय आरशावर. घरातून बाहेर आणलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर नळीत हवेचे प्रवाह चालू राहतात. मग आम्ही जेवणाआधीच दुर्बीण बाहेर ठेवू लागलो. तिसरा संशय आरशांच्या जुळणीवर. एका डबीच्या झाकणाला मधोमध भोक पाडून ते नेत्रिकेच्या जागी बसवले आणि त्यातून पाहत मागचे स्क्रू फिरवले. छोटा आरसा, मोठा आरसा आणि भोक एका मध्यावर आणायला मामाला दहा मिनिटे लागली असतील. तो म्हणाला, "माग सरळ करण्यापेक्षा सोपं आहे."

चौथा संशय दमटपणावर. तापीकाठचे आणि समुद्राजवळचे शहर. रात्री नेत्रिकेवर दव धरते, आणि आपल्याला वाटते ग्रह धुरकट झाला. नेत्रिका खिशात ठेवून उबदार राखली की पुरते. जुन्या २० च्या नेत्रिकेत तर पावसाळ्यांनी बुरशीचे धागे विणले होते. ती मी खोलून पुसली, परत जोडली, आणि आधीपेक्षा वाईट दिसू लागले! काकांनी ती चिमट्याने खोलून उजेडात धरली आणि म्हणाले, "बेन, आ काच ऊंधो छे." हायगेन्स जातीच्या त्या नेत्रिकेत दोन भिंगे असतात आणि दोघांच्याही सपाट बाजू डोळ्याकडे हव्यात. मी एक उलटे बसवले होते. पैलू पाडणाऱ्याच्या नजरेतून ते सुटले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या, म्हणजे १२ नोव्हेंबरच्या रात्री फटाक्यांच्या धुराने काही सुचू दिले नाही. त्यानंतरच्या संध्याकाळी सगळे जमून आले. ९० पट, हवा निवांत, आणि नेत्रिकेत शनी! पिवळसर मोती, भोवती स्वच्छ तिरपे कडे, आणि दोन्हींच्या मध्ये काळी फट. मामीने पाहिले आणि "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावला. काकांनी दोनदा पाहिले. त्यांची नात बाजूला व्हायला तयार नव्हती. आई म्हणाली, "हे चित्र तर नाही ना चिकटवलेलं?"

शेवटी मामा. त्याने चष्मा सावरला, उजवा डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "दिसलं की! झकास!"

त्याच्यानंतर मी डोळा लावला. नेत्रिका रिकामी होती.

आमच्या दुर्बिणीला यंत्र नाही. पृथ्वी फिरते तसा ९० पटींत ग्रह दोन-सव्वादोन मिनिटांत या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकून निघून जातो. काकांच्या नातीने इतका वेळ घेतला होता, की शनी केव्हाच बाहेर गेला होता. मामाने काळोख पाहिला होता आणि काळोखालाच झकास म्हटले होते.

मी काही बोलले नाही. शनी परत मध्ये आणला. माझ्या यादीत एक शेवटचे कलम होते, ते अजून वापरले नव्हते. ते असे : प्रतिमेत दोष दिसला तर नेत्रिका धारकात फिरवून पाहावी, दोष तिच्याबरोबर फिरला तर तो नेत्रिकेचा. मग पाहणाऱ्याने आपली मान तिरपी करावी. दोष मानेबरोबर फिरला तर तो डोळ्याचा. कशानेच फिरला नाही, तर आरशाचा किंवा हवेचा. "मामा, जरा प्रयोग करायचाय," असे म्हणून मी त्याला परत बसवले. नेत्रिका फिरवली. "तसंच आहे," म्हणाला. मान तिरपी करायला लावली. तो गप्प. "आता डावा डोळा लाव," मी म्हणाले.

डावा डोळा लावल्यावर तो हललाच नाही. मग अगदी हळू म्हणाला, "अगं... कडं आहे की."

बाकीचे खाली जेवायला गेले तेव्हा त्याने सांगितले. वर्षभर उजव्या डोळ्याने धुके दिसत होते. रात्री दिव्यांभोवती पिसारे. बारीक तार ओवताना तो मान वळवून डावा डोळा पुढे करायचा, आणि कुणी पाहिले तर मान अवघडली म्हणायचा. नेत्रिकेने ते उघडे पाडले याचे कारण सरळ आहे. ९० पटींत डोळ्यात शिरणारी शलाका सव्वा मिलिमीटरची असते. ती डोळ्याच्या भिंगाच्या एकाच ठिकाणाहून जाते. तिथेच ते गढूळ असेल, तर बाजूच्या स्वच्छ भागाचा काही उपयोग नाही. एरवी माणूस कसेबसे निभावून नेतो, दुर्बिणीपाशी निभावत नाही.

"तुझ्या आईला सांगू नको," मामा म्हणाला. "कंत्राटी काम आहे. फिटरचा डोळा गेला म्हटलं की दुसऱ्या दिवशी दुसरा फिटर."

मी कबूल केले, आणि त्याच रात्री आईला सांगितले. ते योग्य केले की अयोग्य, याचा वाद माझ्या मनात फार दिवस चालला होता. भाऊबीजेला आईने ओवाळले. मामाने तबकात पाकीट टाकले. आईने ते उचलून त्याच्या हातात परत दिले. "हे नको. डोळा दाखवून ये. ती माझी ओवाळणी." मामी तबक धरून उभी होती, तिला तेव्हाच कळले. मामाने माझ्याकडे पाहिले ते मी विसरणार नाही. परत निघेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. स्टेशनवर आला, सामान चढवले, गाडी किती वाजता पोचते एवढेच आईला विचारले.

जानेवारीत मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. १९४९ मध्ये हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टराने प्रथम असे भिंग माणसाच्या डोळ्यात बसवले. त्याला त्याची स्फूर्ती मिळाली ती लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छताच्या तुकड्यांवरून. वैमानिकांच्या डोळ्यात रुतलेले ते प्लॅस्टिक डोळ्याने सोसले होते. मामाचा पंधरा दिवसांचा पगार बुडाला. काम मात्र राहिले. त्याच्या भीतीतली निम्मीच खरी ठरली, पण ती निम्मी खरी होती, हे मला विसरता येत नाही.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. माझ्याशी, चार महिन्यांनी. नमस्कार-चमत्कार काही नाही. "गुरू पिवळा असतो की पांढरा?" मी विचारले, का? "उजव्या डोळ्यानं पांढरा दिसतोय, डाव्यानं पिवळा. नेत्रिका फिरवून बघितली. तसंच आहे." मी सांगितले, की वय वाढते तसे आपले नैसर्गिक भिंग पिवळे पडत जाते, नवे भिंग पिवळे नाही, म्हणून पांढरा दिसतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी सगळं जग पिवळंच बघत होतो की!" आणि हसला. त्या हसण्याने माझ्या मनावरचे ओझे उतरले.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही पुन्हा त्या गच्चीवर होतो. काका आयग्लाससह हजर. दुर्बीण जेवणाआधी बाहेर ठेवलेली, आरसे जुळवलेले, सगळे मामानेच केलेले. त्याने चष्मा काढला, उजवा डोळा लावला आणि कपाळाला आठी घातली.

"कडं बारीक झालंय की."

मी काही सांगणार, तेवढ्यात त्याने हाताने थांबवले. नेत्रिका धारकात फिरवली. पाहिले. मान डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. मग डावा डोळा लावून पाहिला. मोत्यातून धोट्यातला धागा ओवावा तसे ते कडे होते, बारीक आणि सरळ. शनीची कडी दर चौदा-पंधरा वर्षांनी आपल्याला कडेवरून दिसतात. तो दिवस २३ मार्च २०२५ ला यायचा होता, आणि आदल्या दिवाळीतच ती मिटत आली होती. हे मामाला ठाऊक नव्हते.

तो उठला, चष्मा परत चढवला, आणि फिटरने मागाचा निकाल सांगावा तसे म्हणाला, "नेत्रिका ठीक. डोळा ठीक. हा दोष शनीचाच आहे."